यंत्रापूर्वी हात : डायलिसिसच्या रुग्णांसाठी फिस्टुला शस्त्रक्रियेचे महत्त्व

(जागतिक मूत्रपिंड दिनानिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात झालेल्या देणगीदार व रुग्ण-कुटुंबीय मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)





प्रारंभीच सांगितले पाहिजे की मी वैद्य नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन मी या क्षेत्रात आलो आणि माझे आयुष्य जमाखर्च, खरेदी, अंदाजपत्रके व सवलतीचे अर्ज यांत गेले. तेव्हा शस्त्रक्रियेसारख्या विषयावर मी का बोलावे, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, हा विषय मला शस्त्रक्रियागृहात नव्हे, तर माझ्या टेबलावरील कागदपत्रांत भेटला. वैद्यकीय तपशील मी आमच्या मूत्रपिंडविकार तज्ज्ञांकडून व शल्यचिकित्सकांकडून समजून घेतला आहे.

काही वर्षांपूर्वी एक तरुण बिलात सवलत मिळावी म्हणून अर्ज घेऊन माझ्या कक्षात आला. त्याचे वडील निवृत्त शिक्षक. मधुमेहामुळे त्यांची मूत्रपिंडे हळूहळू निकामी होत चालली होती. एके रात्री त्यांना श्वास घेणे कठीण झाले. आमच्याकडे आणल्यावर तातडीने मानेतील शिरेत नळी घालून डायलिसिस सुरू करावे लागले. पुढे त्या नळीला जंतुसंसर्ग झाला, थंडी वाजून ताप आला, नळी बदलावी लागली, भारी प्रतिजैविके द्यावी लागली आणि मुक्काम लांबला. बिल अर्थातच मोठे झाले. अर्जाबरोबर जोडलेली जुनी फाइल मी सवयीने चाळू लागलो. तीत आमच्याच रुग्णालयाने आठ महिन्यांपूर्वी दिलेले, हातावरील फिस्टुला शस्त्रक्रियेचे अंदाजपत्रक होते. मी विचारले, "ही शस्त्रक्रिया का केली नाहीत?" तो म्हणाला, "साहेब, तेव्हा बाबा चालतेफिरते होते. अण्णा म्हणजे माझे काका म्हणाले, आधी औषध करून पाहू, हात कापायची घाई कशाला? आणि पैसेही जुळत नव्हते. नंतर कुणी विचारलंही नाही."

मी सवलत मंजूर केली. सही करताना लक्षात आले की आपण दिलेली सवलत त्या अंदाजपत्रकातील एकूण रकमेपेक्षा अधिक आहे. म्हणजे जी शस्त्रक्रिया आम्ही आठ महिन्यांपूर्वी विनामूल्य केली असती तरी संस्थेचा लाभच झाला असता, ती पैशाअभावी राहिली. आणि तिच्या न होण्याची किंमत त्या गृहस्थांनी शरीराने, कुटुंबाने कर्जाने आणि संस्थेने निधीने चुकवली. "नंतर कुणी विचारलंही नाही" हे त्या मुलाचे शब्द मात्र केवळ माझ्या खात्याला उद्देशून होते. ते मी विसरू शकलेलो नाही. आजचे भाषण त्या शब्दांना दिलेले उत्तर आहे, असे समजावे.

आता ही शस्त्रक्रिया कशासाठी असते ते थोडक्यात पाहू. डायलिसिसमध्ये शरीरातील रक्त बाहेर काढून, गाळून, पुन्हा शरीरात सोडले जाते. यंत्रातून मिनिटाला साधारण ३०० मिलिलिटर रक्त वाहते असे धरले, तर चार तासांत ७२ लिटर रक्ताची ये-जा होते. माणसाच्या अंगात रक्त असते सुमारे पाच लिटर. म्हणजे तेच रक्त पुन:पुन्हा यंत्रातून जाते. तपासणीसाठी आपण ज्या शिरेतून रक्त देतो तिच्यातून इतका प्रवाह मिळूच शकत नाही. धमनीत प्रवाह भरपूर असतो, परंतु ती खोल असते, आणि तिला वारंवार सुई टोचणे धोक्याचे असते. आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्या रुग्णाला वर्षाला १५६ वेळा यंत्रावर यावे लागते आणि प्रत्येक वेळी दोन, म्हणजे वर्षाला ३१२ जाड सुया टोचून घ्याव्या लागतात. इतके टोचणे सोसेल आणि इतका प्रवाह देईल असे स्थान शरीरात निसर्गाने निर्माण केलेले नाही. ते माणसाला शस्त्रक्रियेने तयार करावे लागते.

डायलिसिसचा इतिहास हा बऱ्याच अंशी या स्थानाच्या शोधाचाच इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, हॉलंडमधील काम्पेन या गावी डॉ. विलेम कोल्फ यांनी कृत्रिम मूत्रपिंड प्रथम माणसावर वापरले. यंत्र तयार झाले. परंतु प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे आणि मोजक्या उपचारांनंतर वापरण्याजोग्या रक्तवाहिन्याच उरत नसत. त्यामुळे मूत्रपिंडे कायमची निकामी झालेल्या रुग्णाला या यंत्राचा दीर्घकाळ उपयोग होईना. १९६० साली अमेरिकेतील सिएटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातातील धमनी व शीर यांत टेफ्लॉनच्या नळ्या कायमच्या बसवून त्या बाहेरून जोडण्याची युक्ती काढली. आपल्या स्वयंपाकघरातील न चिकटणाऱ्या तव्यावर असते तेच हे टेफ्लॉन. त्यांचे पहिले रुग्ण क्लाइड शील्ड्स हे त्यानंतर अकरा वर्षे जगले. परंतु शरीराबाहेर राहिलेल्या त्या नळ्यांत गुठळ्या होत आणि जंतुसंसर्गही होई.

१९६६ साली न्यूयॉर्कमधील ब्रेशिया, चिमिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी अधिक साधा मार्ग प्रसिद्ध केला. परकी वस्तू शरीरात ठेवण्याऐवजी त्यांनी मनगटाजवळ रुग्णाची स्वत:चीच धमनी व शीर एकमेकींना जोडली. जखमेमुळे धमनी व शीर यांच्यात असा जोड निर्माण झाला तर तो विकार मानला जाई, आणि वैद्यकशास्त्राला तो अठराव्या शतकापासून ठाऊक होता. या मंडळींनी त्या विकाराचाच उपचारासाठी उपयोग करून घेतला. यातील जोडणीची शस्त्रक्रिया केनेथ ॲपेल या शल्यचिकित्सकाने केली होती. आज साठ वर्षांनंतरही, योग्य रुग्णासाठी, याच जोडाला पहिली पसंती दिली जाते. यालाच आपण फिस्टुला म्हणतो.

शल्यचिकित्सकापुढे आज जे पर्याय असतात, ते मी क्रमाने सांगतो.

पहिला पर्याय मनगटाजवळील फिस्टुला. अंगठ्याच्या बाजूस लहानसा छेद घेऊन शिरेचे टोक धमनीच्या कडेला अत्यंत बारीक धाग्याने शिवतात. बहुधा तेवढ्या भागापुरती भूल पुरते आणि शस्त्रक्रिया एक-दोन तासांत आटोपते. धमनीचा जोर शिरेत आल्यामुळे ती हळूहळू फुगते आणि तिची भिंत जाड होते. यालाच फिस्टुला पिकणे किंवा तयार होणे म्हणतात. त्यासाठी सहा आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत काळ जातो. तयार फिस्टुला ओळखण्यासाठी डॉक्टर सहाचा एक सोपा नियम सांगतात : शिरेची रुंदी निदान सहा मिलिमीटर, त्वचेपासून खोली सहा मिलिमीटरहून अधिक नाही, आणि प्रवाह मिनिटाला ६०० मिलिलिटर. रुग्ण ज्या हाताने लिहितो-जेवतो तो हात शक्यतो मोकळा ठेवून दुसरा हात निवडतात. सुरुवात मनगटापासून करतात ती यासाठी, की पुढे गरज पडल्यास वरची जागा शिल्लक राहावी.

दुसरा पर्याय कोपराजवळील फिस्टुला. मनगटाजवळच्या शिरा बारीक असतील किंवा सलाइनने खराब झाल्या असतील, तर कोपराच्या घडीत दंडाच्या बाहेरील बाजूची शीर धमनीला जोडतात. येथे प्रवाह चांगला मिळतो. मात्र कधी कधी पंजाकडे जाणारे रक्त या जोडात वळते आणि बोटे गार पडून दुखू लागतात. तसे झाल्यास दुखणे अंगावर काढू नये, लगेच सांगावे.

तिसरा पर्याय दंडाच्या आतील बाजूच्या शिरेचा. ही शीर खोल असल्यामुळे बहुधा सुयांपासून वाचलेली असते. परंतु तिच्यात सुई घालता यावी म्हणून तिला मोकळी करून त्वचेजवळ आणावे लागते. ही शस्त्रक्रिया मोठी असते आणि काही वेळा दोन टप्प्यांत करावी लागते.

चौथा पर्याय ग्राफ्ट. स्वत:ची शीर उपयोगाची नसेल, तेव्हा टेफ्लॉनच्याच जातीच्या पदार्थाची मऊ नळी त्वचेखाली बसवून तिचे एक टोक धमनीला व दुसरे शिरेला जोडतात. ती साधारण दोन-तीन आठवड्यांत वापरता येते, हा तिचा गुण. गुठळी व जंतुसंसर्ग यांचे प्रमाण फिस्टुलापेक्षा अधिक आणि खर्चही अधिक, हे तिचे दोष.

पाचवा पर्याय मानेतील नळी, म्हणजे कॅथेटर. तिचे दोन प्रकार आहेत. तातडीने घातलेली साधी नळी दोन-तीन आठवड्यांपुरती असते. त्वचेखालून बोगदा करून छातीवर बाहेर काढलेली नळी काही महिने, क्वचित त्याहून अधिक काळ चालते. नळीचा लाभ असा की ती लगेच वापरता येते, आणि अचानक आलेल्या रुग्णाचे प्राण तिच्यामुळेच वाचतात. परंतु तिचे एक टोक शरीराबाहेर व दुसरे थेट हृदयाजवळ असते. त्यामुळे रक्तात जंतू शिरण्याचा धोका सर्व पर्यायांत येथे सर्वाधिक असतो. गळपट्टीच्या हाडाखालील शिरेत नळी घालणे तर तज्ज्ञ शक्यतो टाळतातच. कारण ती शीर पुढे आकसते आणि त्या बाजूच्या हातात फिस्टुला टिकणे अवघड होते.

या क्रमाचा अर्थ असा मात्र नव्हे की प्रत्येकाला फिस्टुलाच हवा. काही फिस्टुला पहिल्या प्रयत्नात तयार होत नाहीत; वयोवृद्ध, मधुमेही व बारीक शिरा असलेल्या रुग्णांत हे अधिक घडते. मग फुग्याने शीर रुंद करणे किंवा दुसऱ्या जागी नवा जोड करणे भाग पडते. हृदय फार दुर्बल असेल तर वाढलेला प्रवाह त्यास झेपत नाही. अमेरिकेत २००३ साली 'फिस्टुला प्रथम' अशी मोहीम सुरू झाली होती. तेथील तज्ज्ञांच्या २०१९ सालच्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांत मात्र योग्य रुग्णाला, योग्य वेळी, योग्य कारणासाठी, योग्य मार्ग असावा, असा समतोल विचार मांडला आहे. मूत्रपिंड प्रत्यारोपण व पोटातील डायलिसिस हेही मार्ग आहेतच. निवड तज्ज्ञांनी रुग्णाशी बोलून करावयाची आहे. माझा आग्रह केवळ इतकाच की निवड करण्याइतका वेळ हाती असला पाहिजे. जो रुग्ण धाप लागून मध्यरात्री येतो, त्याच्यापुढे पाचांपैकी एकच पर्याय उरतो.

म्हणून रुग्णांच्या कुटुंबीयांस माझी हात जोडून विनंती आहे. मूत्रपिंडांचे कार्य २० टक्क्यांच्या खाली घसरू लागले आणि डॉक्टरांनी फिस्टुलाचा विषय काढला, तर तो टाळू नका. फिस्टुला करून घेतला म्हणजे डायलिसिस ओढवून घेतले, हा समज चुकीचा आहे. फिस्टुला मूत्रपिंड बिघडवत नाही; तो वेळ येईल तेव्हा तयार असतो, इतकेच. पावसाळा येण्यापूर्वी आपण घर शाकारतो, म्हणून काही पाऊस लवकर येत नाही.

त्याही आधीपासून पाळावयाची एक गोष्ट आहे. मूत्रपिंडाचा विकार आहे असे कळताच हातावरील शिरा जपा. रक्त तपासणीला गेलात तर तळहाताच्या मागील बाजूने रक्त घ्यावयास सांगा. अशक्तपणा वाटतो म्हणून कोपरावर, मनगटावर सलाइन लावून घेण्याची आपल्याकडील सवय या रुग्णांना फार महागात पडते. मघाशी उल्लेख केलेल्या शिक्षकांच्या दोन्ही मनगटांजवळील शिरा अशाच कामी आल्या होत्या.

फिस्टुला झाल्यावर त्याची राखण घरातील माणसांनीच करावयाची असते. जोडावर बोट ठेवले की मांजराच्या घुरघुरीसारखी थरथर जाणवते. सकाळी व रात्री ती पाहण्याचा नेम ठेवा. थरथर थांबली, तर उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात या. गुठळी काढून जोड वाचवता येण्याची संधी थोडाच काळ असते. त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नका, सुई घालू देऊ नका, घड्याळ किंवा घट्ट वस्तू बांधू नका, तो हात उशाला घेऊन झोपू नका. डायलिसिसपूर्वी तो साबणाने स्वच्छ धुवा. रक्त वाहू लागल्यास स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा आणि तसेच रुग्णालय गाठा. आमच्या भगिनींना त्या हातातील बांगड्या उतरवाव्या लागतात. ही गोष्ट ऐकावयास लहान, पण सोसावयास लहान नाही, हे मी पाहिले आहे. एका सासूबाईंनी सुनेच्या बांगड्या स्वत:च्या हाताने उतरवून तिच्या दुसऱ्या हातात भरल्या आणि म्हणाल्या, "दोन्ही हातांचं सौभाग्य आता या एका हातात." इतका समजूतदारपणा प्रत्येक घरात असो.

आता देणगीदारांशी व विश्वस्तांशी माझ्या मूळ भाषेत, म्हणजे हिशेबाच्या भाषेत, बोलतो.

डायलिसिस यंत्र ही भांडवली मालमत्ता. ते ताळेबंदात दिसते, त्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी लागते, उद्घाटन होते. हे सर्व उचितच आहे. यंत्रे नसती तर आज येथे बसलेली कित्येक माणसे आपल्यात नसती. परंतु रुग्णाच्या हातातील फिस्टुला ही अशी मालमत्ता आहे की जी आमच्या ताळेबंदात येत नाही, जिच्यावर पाटी लावता येत नाही आणि जी रोज संध्याकाळी रुग्णाबरोबर घरी जाते. ती नसेल, तर यंत्र नुसते उभे राहते, किंवा नळीच्या आधारे धोक्यात चालते. एका यंत्राच्या किमतीत अनेक रुग्णांच्या फिस्टुला शस्त्रक्रिया होऊ शकतात, हे मी आकडे मांडून पाहिले आहे.

डायलिसिसच्या खर्चासाठी आज काही आधार उपलब्ध आहेत. महाराष्ट्र शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. केंद्र शासनाने २०१६ साली जिल्हा रुग्णालयांसाठी राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी व १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात आणि एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. परंतु अनुभव असा की हा निधी अत्यवस्थ रुग्णांच्या बिलांत खर्ची पडतो. जो रुग्ण अजून चालताफिरता आहे, त्याची पाळी येत नाही. आणि फिस्टुलाची योग्य वेळ नेमकी रुग्ण चालताफिरता असतानाच असते.

यासाठी विश्वस्त मंडळापुढे मी तीन गोष्टी विनम्रतेने मांडतो. पहिली, फिस्टुला व त्यापूर्वीची डॉप्लर तपासणी यांसाठी स्वतंत्र निधी असावा आणि तो अन्य कारणासाठी वापरला जाऊ नये. दुसरी, ज्यास या शस्त्रक्रियेचे अंदाजपत्रक दिले, त्याच्याकडून अनामत रक्कम आली नाही म्हणून तारीख अडवू नये. आर्थिक चौकशी समाजसेवा विभागाने नंतर पूर्ण करावी. तिसरी गोष्ट बिनखर्चाची आहे. अंदाजपत्रक घेऊन गेलेला रुग्ण महिनाभरात परत आला नाही, तर आमच्या कार्यालयाने त्याच्या घरी दूरध्वनी करावा. हे काम आम्ही एका साध्या नोंदवहीत सुरू केलेले आहे. डावीकडे अंदाजपत्रकाची तारीख, उजवीकडे शस्त्रक्रियेची. उजवा रकाना रिकामा दिसला की दूरध्वनी करावयाचा. दूरध्वनी केल्यावर काही वेळा पैशाची अडचण कळते, काही वेळा भीती कळते, आणि काही वेळा रुग्णाला बोलणारे कुणी भेटले याचाच आनंद असतो.

त्या निवृत्त शिक्षकांचे पुढे काय झाले, हे आपणास जाणून घ्यावेसे वाटेल. मनगटाजवळ जागा नव्हती, म्हणून कोपराजवळ फिस्टुला केला. तो तयार होईपर्यंतचे आठवडे मानेतील नळीवर, काळजीत गेले. नळी निघाली त्या दिवशी त्यांनी कित्येक आठवड्यांनंतर डोक्यावरून पाणी घेऊन मनसोक्त स्नान केले, असे त्यांच्या मुलाने मला मुद्दाम येऊन सांगितले. आपण आरोग्याच्या मोठमोठ्या गोष्टी करतो. आजारी माणसाचे सुख मात्र अशा एका स्नानातही असते. आता ते आठवड्यातून दोनदा येतात. नाव न घेता ही हकिकत सांगण्यास त्यांनी संमती दिली आहे, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. संमती देताना ते म्हणाले, "सांगा जरूर. पण माझी चूक म्हणून सांगा, नशीब म्हणून नको. नशीब सुधारता येत नाही, चूक येते."

शिक्षकाच्या या वाक्यात मी एवढीच दुरुस्ती सुचवतो की चूक त्यांची एकट्याची नव्हती. ती आमचीही होती. रुग्ण, कुटुंबीय, रुग्णालय आणि देणगीदार या चौघांनी मिळून ती सुधारावयाची आहे.